घरी समजलं का?

एखादा क्लास चालला की चार शब्द डोक्यात राहतात आणि चाळीस किस्से! आमच्या नव्या पेठेतल्या क्लासचं तसंच झालं. त्या वेळी सोलापुरात कॉलेज नव्हतं. पुण्यात इंटरला इंग्रजीत दांडी उडालेली आम्ही मुलं घरी परतायचो आणि कापडदुकानाच्या माडीवर गोविंदराव मास्तरांसमोर बसायचो.

गोष्टीचं इंग्रजी आम्हाला यायचं. निबंधातले जड शब्द आले की संपलं! डिक्शनरीतला अर्थ आम्ही घोकायचो आणि पेपरात भलतीकडेच ठोकायचो. मास्तरांनी डिक्शनऱ्या बंद केल्या. "शब्द घरी जाऊन आपल्या भाषेत समजावून सांगा. घरचं माणूस 'समजलं' म्हणालं तरच पुढचा शब्द."

*

नरसय्याला 'एव्हिडन्स' मिळाला. वडील हातमागावर विणत बसलेले. त्यानं तेलुगूत सांगितलं, "डोळ्यांनी पाहिलं नाही तरी ज्यावरून गोष्ट कळते, ते." वडील उठले, त्याची बोटं हुंगली आणि विडीच्या वासाबद्दल एक सणसणीत ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "मास्तर, वडिलांना समजलं."

"कितपत?"

त्यानं गाल पुढे केला.

"पक्कं समजलंय. बस खाली."

*

अब्दुलच्या वाट्याला 'कॉन्ट्रडिक्शन' आला, म्हणजे एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत अशा दोन गोष्टी. थोरला भाऊ खालच्याच दुकानात साड्या विकायचा. गिऱ्हाइकाला सांगत होता, "रंग एकदम पक्का हय, बस धोने का नक्को!"

अब्दुलनं तिथंच, गिऱ्हाइकासमोर, शब्द समजावला. भावाला समजला. गिऱ्हाइकाला आधी समजला! पुढे महिनाभर अब्दुल मागच्या जिन्यानं माडीवर यायचा.

*

मला 'हायपॉथिसिस' होता. आत्या तांदूळ निवडत होती. म्हटलं, "आत्या, तपासून होईपर्यंत जे खरं धरून चालायचं, ते."

"म्हणजे तू अभ्यास करतोस, तसंच ना?"

मी मास्तरांना एवढंच सांगितलं की आत्याला समजलं.

*

राहिला बिरू. मंद्रूपच्या धनगराचा मुलगा, इंटरला दोनदा नापास. वडिलांनी, मल्लाप्पांनी, बजावलं होतं, "ह्या खेपंला न्हाय झालं तर मेंढरं राखायला यायचं. घोंगडं काढून ठिवलंय." बिरूला शिकायचं होतं, अगदी जिवापाड.

तो मास्तरांच्या माडीवरच राहायचा आणि दर शनिवारी गावी जायचा. बैलगाडी मिळाली तर ठीक, नाहीतर पायी. सोमवारी मास्तर विचारायचे, "घरी समजलं का?"

"व्हय मास्तर. आप्पाला समजलं."

आमच्या घरी एकेका शब्दावर वादावादी व्हायची. मल्लाप्पांना मात्र सगळं पहिल्याच खेपेला समजायचं! 'मेटाफिजिक्स'सुद्धा समजलं. ते समजायला तर मास्तरांनाही दोन दिवस लागले होते. बिरू सगळ्यांच्या पुढे गेला आणि आम्ही त्याचा मनापासून हेवा केला. बाप असावा तर असा!

*

रिझल्ट वर्तमानपत्रात आला. नरसय्या पास, अब्दुल पास, मीसुद्धा पास. बिरूचा नंबर नव्हता. त्यानं पुन्हापुन्हा पाहिलं आणि मग ट्रंक भरायला घेतली. मला इतकं वाईट वाटलं की स्वतःच्या पास होण्याची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मल्लाप्पा माडीवर आले, खांद्यावर घोंगडं आणि हातात काठी. बिरू ट्रंक उचलून उभा राहिला. मल्लाप्पांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. पटका काढून मांडीवर ठेवला आणि मास्तरांसमोर खाली बसले.

"मास्तर, पोराची काय चूक न्हाय. मला त्यातलं कायबी समजत न्हवतं. पोरगं लई दमून यायचं, म्हनून मी आपलं व्हय म्हनायचो. आनिक एक साल ठिवून घ्या त्याला. आता न्हाय समजलं तर न्हाय म्हनीन की!"