खिंडीच्या अलीकडची बंदूक

भोर संस्थान विलीन झालं तेव्हा मी तिथल्या डोंगरातल्या एका लहान गावात शाळामास्तर होतो. गावामागची खिंड ओलांडली की वेल्ह्याकडचा मुलूख लागे. तो आधीपासून इंग्रजांचा. अलीकडे संस्थानचा कायदा, पलीकडे सरकारचा, हे तिथल्या माणसांना अंगवळणी पडलेलं होतं. आमच्या लोहाराने घडवलेली ठासणीची बंदूक अलीकडे रानडुकरं हाकायची वस्तू होती. तीच खांद्यावर टाकून कुणी खिंडीपलीकडे उतरला, तर तो गुन्हेगार.

लोहार साठीला टेकलेला, कमी बोलणारा. त्याच्याजवळ दरबारचा एक जुना परवाना होता. बंदुका कराव्यात, दुरुस्त कराव्यात, पण प्रत्येक नळीवर आपली खूण मारावी, असं त्यात लिहिलं होतं. त्याची खूण म्हणजे ओळीने तीन टिंबं.

विलीनीकरणानंतर चावडीवर सरकारी हुकूम आला. विनापरवाना हत्यारं जमा करा. तो मीच वाचून दाखवला. चार-पाच जणांनी बंदुका आणून दिल्या. लोहार मात्र परवाना घेऊन शाळेत आला.

"गुर्जी, ह्यो आता चालंल का न्हाई?"

मी कागद उलटसुलट पाहिला. मुदत लिहिलेली नव्हती. मी तेवीस वर्षांचा होतो आणि ठाऊक नाही म्हणायची मला लाज वाटत असे.

"चालेल की. हुकमात विनापरवाना म्हटलंय. तुमच्याकडे तर परवाना आहे."

"मग बरं," म्हणून तो गेला.

त्या हिवाळ्यात वरच्या धनगरवाड्यात बिबट्याने उच्छाद मांडला. तिथल्या एका धनगराची सात-आठ मेंढरं गेली, मग कुत्रा गेला. तो लोहाराकडे आला आणि लोहाराने त्याला बंदूक करून दिली. पंधरा दिवसांनी भर दुपारी त्याने बिबट्यावर बार काढला आणि नळीच फुटली. उजवा हात मनगटापासून गेला. त्याला घोंगडीच्या झोळीत घालून खाली आणलं, तेव्हा मी वाटेवर उभा होतो. तो ओरडत नव्हता. "मेंढरं आत घाला," एवढंच पुन्हापुन्हा म्हणत होता.

दवाखान्यातून पोलिसांत वर्दी गेली. बंदूक कुणी दिली, ते धनगराने शेवटपर्यंत सांगितलं नाही. सांगायची गरजही पडली नाही. फुटलेल्या नळीच्या तुकड्यावर तीन टिंबं स्वच्छ दिसत होती.

भोरच्या कोर्टात मी गावकऱ्यांबरोबर मागे बसलो होतो. लोहाराने परवाना पुढे केला. न्यायाधीश साहेबांनी तो शांतपणे वाचला.

"ज्या दरबाराने हा दिला, तो दरबारच आता नाही. नव्या कायद्याने हा कागद रद्द झाला. हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

लोहाराने एकदा मागे वळून पाहिलं. माझ्याकडे पाहिलं की माझ्या डोक्यावरून दाराकडे, ते मला आजही सांगता येत नाही.

"न्हाई साहेब. म्या कुणाला इचारलंच न्हाई."

मी उठलो नाही. नोकरी नवी होती, घरी आई होती, अशी कारणं त्या वेळी पटापट सुचली. त्याला नऊ महिन्यांची सक्तमजुरी झाली.

सुटून आला तेव्हा तो पार वाळला होता. मी त्याच्या घरी गेलो.

"बाबा, चूक माझी होती. मी कोर्टात बोलायला हवं होतं."

तो थंड भट्टीपाशी बसला होता.

"कागदाचं तुमी चुकला, गुर्जी. व्हय, चुकला. पर नळी म्या ठोकली. जोड कच्चा ऱ्हायला, त्यो म्याच ठेवला. त्याला कुठला कायदा?"

मला बसा म्हणाला नाही. मी तसाच परतलो.

पुढे त्याने विळे आणि नांगराचे फाळ तेवढे केले. धनगरासाठी मनगटावर बांधायचा एक लोखंडी आकडाही केला आणि स्वतः डोंगर चढून देऊन आला. धनगराने तो थोडे दिवस वापरला. थोट्या हाताला घासून जखम व्हायला लागली, तेव्हा काढून ठेवला. एका हाताने मेंढरं कातरता येईनात. दुसऱ्या वर्षी त्याने कळप भावाला दिला. बिबट्या त्यानंतरही येत होता.

तीन वर्षांनी माझी बदली झाली. एकदा कापूरहोळच्या फाट्यावर एसटीची वाट पाहताना एक वकील भेटले. बोलता बोलता, दुसऱ्या कुणाची गोष्ट म्हणून, मी त्यांना सगळं सांगितलं. मास्तर उठून बोलला असता तर काही फरक पडला असता का, असं विचारलं.

"निर्दोष नसता सुटला," ते म्हणाले. "पण शिक्षा बरीच कमी झाली असती. चार-सहा महिन्यांनी तरी."