रघुनाथकाकांच्या नावावरची माझी चूक

रघुनाथकाकांची नोकरी एका चुकीमुळे गेली.
ती चूक माझी होती.

काल सकाळी काका गेले. अकरा वर्षं मी हे कोणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही.

बी.कॉम. झाल्यावर शहापूरला एका टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसात लागले. मी शेणव्याची, शहापुरात कोणी ओळखीचं नाही. काका तिथले जुने अकाउंटंट, रोज मुरबाडहून एस.टी.ने यायचे. त्यांच्या शेजारचं टेबल मला मिळालं.

पहिल्याच आठवड्यात मी विचारलं होतं, “काका, ही लाइन चांगली आहे का?”

“चांगली हाय गो. डोक्यावर पंखा, बसून काम. कुठल्याही गावात जा, हिशेब लिहिणारा माणूस लागतोच. पोरीच्या जातीला तर बरंच.”

“आणि वाईट काय?”

“मार्चात घरचे तोंड विसरतात. मान धरते. आन् आपल्याला समोर नुसता कागद दिसतो, माणूस दिसत नाय. त्याला जपायचं.”

मी हसले होते.

त्या मार्चमध्ये आमच्याकडे बचतगटांची हिशेब तपासणी होती. जागृती नावाचे दोन गट होते. एक शेणव्याचा, एक डोळखांबकडच्या पाड्यावरचा. पाड्यावरच्या गटाने बँकेत भरलेली रक्कम मी शेणव्याच्या गटात टाकली. पावती समोर होती, उघडून बघितली नाही. घाई होती, एवढंच कारण.

रिपोर्टमध्ये पाड्यावरच्या गटाचे पैसे कमी दिसले.

त्या गटाच्या खजिनदार हिराबाई. सही करण्यापुरतं लिहायला शिकलेल्या. मीटिंगमध्ये बायकांनी त्यांना विचारलं, पैसे कुठे गेले? त्यांना सांगता येईना. बायका त्यांच्याशी बोलायच्या बंद झाल्या. मग एक दिवस हिराबाई नवरा-मुलांना घेऊन भिवंडीकडे वीटभट्टीवर निघून गेल्या. बाकीची घरं दरवर्षी मजुरीला जायची, त्यांचं त्याआधी कधी गेलं नव्हतं.

चूक काकांनी शोधली. पावती माझ्यासमोर ठेवली. ओरडले नाहीत.

“रविवारी गटाची मीटिंग हाय. चल माझ्यासोबत. उभं राहायचं, माझी चूक झाली बोलायचं, बसायचं. पाच मिनिटांचं काम.”

“काका, सोमवारी ठाण्याला इंटरव्ह्यू आहे माझा. साहेबांना कळलं आणि त्यांनी एक्सपीरियन्स लेटर दिलं नाही तर?”

काकांनी पावती उचलून परत फाइलला लावली.

“बरं,” म्हणाले.

रविवारी ते एकटे गेले. सगळ्या बायकांना सांगितलं, “एंट्री मी चुकवली, हिराबाईंचा काही दोष नाही.” मग वीटभट्टी शोधत हिराबाईंकडेही गेले.

मी घरी इंटरव्ह्यूची तयारी करत होते.

बातमी पसरली. तीन-चार गटांनी आमच्याकडचं काम काढून घेतलं. साहेबांनी काकांना केबिनमध्ये बोलावलं. दार उघडंच होतं.

“इतकी वर्षं झाली रघुनाथ, आणि अशी चूक? एक तारखेपासून येऊ नका.”

मी दहा फुटांवर बसून स्टेपलरमध्ये पिना भरत होते.

उठले नाही.

मला लेटर मिळालं. ठाण्याची नोकरी मिळाली. काका मुरबाडला एका भाताच्या गिरणीत हिशेब लिहू लागले, निम्म्या पगारावर. हे मी दुसऱ्याकडून ऐकलं. फोन केला नाही. आधी लाज वाटली म्हणून, नंतर इतके दिवस केला नाही म्हणून.

या जानेवारीत मुरबाडच्या एका कॉलेजात करिअर गाइडन्सला बोलावलं होतं. विषय, अकाउंटिंगचे फायदे आणि तोटे. मी छान बोलले. स्लाइड्स होत्या. एका मुलीने विचारलं, “मॅडम, आपल्याकडून चूक झाली तर?”

मी म्हणाले, “घाबरायचं नाही. चूक दुरुस्त करणारी एंट्री टाकायची.”

टाळ्या पडल्या.

काकांचं घर तिथून चालत दहा मिनिटांवर होतं. मी गाडीत बसून परत आले.

काल अंत्ययात्रेला गेले. सगळे परतल्यावर काकूंजवळ बसले. त्यांनी मला लगेच ओळखलं.

“सुजाता ना तू? तुझं प्रमोशन झालं तवा यांनी फोनमधी फोटो दाखवला मला. बोलले, माझ्या बाजूच्या टेबलावर शिकली ही.”

मला रडू आवरेना. म्हणाले, “काकू, ती चूक काकांची नव्हती.”

“ठावं हाय मला. घरी कदी खोटं बोलले नाय ते.”

अकरा वर्षं त्यांना माहीत होतं.

“हिराबाईला बोललीस?” काकूंनी विचारलं.

“नाही.”

“मग मला काय सांगतेस गो? तिला सांग.”

आज दुपारी पाड्यावर गेले. हिराबाई आता पाड्यावरच असतात. अंगणात सूप घेऊन नाचणी पाखडत होत्या. मी कोण ते सांगितलं. काका गेल्याचं सांगितलं. मग सगळंच सांगितलं.

त्यांचे हात थांबले.

“मी लय शिव्या दिल्या त्या बाबाला. भट्टीवर, सगळ्यांच्या समोर. माझ्या पोरांसमोर चोर ठरवलंस मला, असं बोलले मी त्याला. तो हात जोडून उभा.”

मी माफी मागितली.

“आता तो नाय, तवा आलीस होय?”

सूप उचलून त्या आत गेल्या. दार लावलं नाही, पण बाहेरही आल्या नाहीत. मी बराच वेळ अंगणात उभी राहिले, मग निघाले.

त्या ऑफिसात काम केलेले, त्या गटांमधले अनेकजण माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत. त्यांनी हे वाचावं. कमेंटमध्ये मला ‘धीट आहेस’ वगैरे कृपया लिहू नका.

रघुनाथकाका, तुमच्या हातून ती चूक झाली नव्हती. हे तुम्ही असताना, भरल्या मीटिंगमध्ये, मी बोलायला हवं होतं.

तुम्हाला मान खाली घालून नमस्कार.