आक्कांचा ठराव

आक्कांना स्वस्थ बसलेलं मी कधी पाहिलं नाही. भाकरी थापतानाही त्यांचा मोबाइल पिठाच्या डब्याला टेकून उभा असायचा आणि हात पिठात म्हणून त्या कोपरानं व्हिडिओ पुढं ढकलायच्या. कोपरानं! मी सांगली शहरात वाढलेली, पण ही विद्या मला अजून जमलेली नाही. मधेच हाक यायची, "आगं मनीषा, पळ पळ, लय भारी घावलंय!" मी हातातलं टाकून पळायचे, तर कुठल्या तरी बाईनं अंड्यांच्या ट्रेची फुलं केलेली असायची.

आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. पलूसजवळच्या आमच्या घरात सासू-सासरे, मी, माझा नवरा, आक्का आणि त्यांची नऊ वर्षांची स्वरा. थोरले दीर फौजेत, वर्षातून एकदा सुट्टीवर यायचे. आक्कांना नेटवर जे जे घावायचं ते आधी आमच्यावर व्हायचं. मुलांना रागावण्याआधी दीर्घ श्वास घ्या, झाडाशी बोला, दगडांवर चित्रं रंगवा. एकदा सकाळी सगळ्यांनी अनवाणी चालावं असं निघालं, तेव्हा सासूबाई, म्हणजे आमच्या आत्ती, फणकारल्या, "आमी जलमभर अनवाणीच चाललो, तवा कुणी व्हिडू काढला न्हाई." आक्कांना त्याचं काही नाही. दुसऱ्या दिवशी नवीन काहीतरी हजर. मला वीट यायचा, खोटं कशाला बोलू. उसाच्या लागणीला माणसं जेवायला यायची आहेत आणि ही बाई मला 'आनंदी कुटुंबाच्या सवयी' ऐकवतेय!

पण हे सगळं कशापायी चाललंय ते मला ठाऊक होतं. दीर सुट्टीवर आले की स्वरा त्यांना तांब्याभर पाणी नेऊन द्यायची, वाकून पाया पडायची आणि आईच्या मागं जाऊन उभी राहायची. फोनवर "बरी हाय, जेवले, ठेवू?" एवढंच. एकदा सुट्टी संपवून ते गाडीत बसले, धुरळा खाली बसला आणि पोरीनं सहज विचारलं, "पावणं गेलं व्हय?" आक्कांनी ऐकलं. त्या दिवसापासून त्यांचं बोट मोबाइलवर थांबायचं नाव घेईना. दूर असलेल्या बापाला पोरीजवळ कसं आणायचं, याचं उत्तर कुठंतरी असणारच, असं त्यांच्या डोक्यानं घेतलं होतं.

त्यांनी काय काय केलं! बापानं अर्धं चित्र काढून फोटो पाठवायचा आणि लेकीनं ते पुरं करायचं, असा एक छंद सुरू केला. त्यांनी झाड काढलं, हिनं पानं रंगवली. चार दिवस बरे गेले. मग दिरांच्या तिकडं रेंज गेली ती महिनाभर आलीच नाही आणि स्वरा रंगपेटी गुंडाळून खेळायला पळाली. आक्का अंगणात या टोकाहून त्या टोकाला चकरा मारत राहिल्या. "बसा की जरा," मी वैतागून म्हणाले. "बसून काय घावणार हाय गं?" त्या म्हणाल्या.

खरं उत्तर नेटवर नव्हतंच. दिरांना बदलीच्या नव्या गावी कुटुंबासाठी क्वार्टर मिळत होतं, तिथं शाळाही होती. फक्त थोरल्या सुनेनं घर सोडायचं, हे आमच्याकडं कधी झालेलं नव्हतं. आक्कांनी एकदा विषय काढला तर सासरे, आम्ही त्यांना मामा म्हणतो, मिशीवर हात फिरवत म्हणाले, "बघू की फुडच्या वर्साला." शेतकऱ्याच्या घरात पुढचं वर्ष म्हणजे काय, हे मी सांगायला नको.

मग एक दिवस आक्कांना घावलं की आठवड्यातून एकदा घरातल्या सगळ्यांनी गोल बसावं, एकेकानं मनातलं बोलावं आणि बाकीच्यांनी नुसतं ऐकावं. इथं त्यांची एकच चूक झाली. मामांना समजावं म्हणून त्या "घरातली सभा" म्हणाल्या. झालं! साखर कारखान्याची एकही वार्षिक सभा न चुकवलेला माणूस तो. रविवारी फेटा बांधून खुर्चीत बसले आणि आधी शोकप्रस्ताव घेतला. शेजाऱ्यांची म्हैस गेली होती. मग विषय पुकारायला सुरुवात. कारखान्याच्या सभेत विषय वाचून व्हायच्या आतच "मंजूर, मंजूर" असा गलका करायचा असतो, नाहीतर विरोधक माइक ओढतात. हीच सवय घरात आली. मी कळवळून म्हणाले, "माझी कंबर लय दुखतीया." मामा आणि माझा नवरा एका सुरात ओरडले, "मंजूर!" माझी कंबर मंजूर झाली, पण दुसऱ्या दिवशी वैरणीचा भारा मलाच उचलावा लागला.

असे किती रविवार गेले कुणास ठाऊक. एका रविवारी आक्का उठून उभ्या राहिल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत एका दमात म्हणाल्या, "मला स्वराला घिऊन तिच्या बापाकडं ऱ्हायला जायाचं हाय."

"मंजूर!" माझा नवरा मोबाइलमधून मान न उचलता म्हणाला.

"मंजूर, मंजूर! फुडचा विषय," मामा म्हणाले.

आत्तींच्या हातातला अडकित्ता थांबला. "आवं, काय मंजूर केलासा, कळलं का?"

मामांना कळलं तसा त्यांचा चेहरा तांबडा झाला. आता भडका उडणार म्हणून मी स्वराला जवळ ओढलं. आक्का हटल्या नाहीत. म्हणाल्या, "आवं मामा, पोरगी बापाला पावणा म्हंती."

मामांनी स्वराकडं पाहिलं. मग फेटा काढून मांडीवर ठेवला आणि पुटपुटले, "सभंत झाल्याला ठराव माघारी घेत न्हाईत." कायदा आडवा आला की तो 'पावणा' काळजाला लागला, देव जाणे. मी विचारायला गेले नाही.

मिरज स्टेशनवर आक्कांची तगमग चालूच होती. पिशव्या मोजायच्या, पुन्हा मोजायच्या. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता. शेवटी बोललेच, "तुम्ही सुटलात आक्का, सगळा गाडा माझ्या गळ्यात!" त्यांनी माझा हात घट्ट धरला. "मग सभंत बोल की गं. गप बसून कुणाला काय मिळालंय?" गाडी हलली तरी त्या दारातून हातवारे करत काहीतरी सांगत होत्या.

मी बोलले. आता वैरणीला गडी आहे.

पण आक्कांचं काही येईना. ना व्हिडिओ, ना फुलं, ना सवयी. ज्या गोष्टीचा मला वीट यायचा, तिच्यावाचून मला करमेना. शेवटी मीच फोन लावला, "आक्का, हल्ली काही घावत नाही वाटतं?"

"बघायला सवड कुठाय गं! बापलेक सकाळधरनं भांडाय लागल्यात. त्यांनी हिच्या चित्रातला डोंगर खोडला, म्हणून हिनं त्यांचं बूट लपवून ठेवल्यात. थांब, ऐकच तू."

त्यांनी फोन तसाच धरला. स्वरा बापावर तारस्वरात ओरडत होती आणि दीर बुटांसाठी गयावया करत होते. माझे डोळे भरून आले. मी बाहेरच्या सोप्यात जाऊन फोन मामांच्या कानाला लावला.

मामांनी ऐकलं. मग फोन माझ्या हातातून घेतला, दुसऱ्या कानावर तळवा दाबला आणि मला म्हणाले, "जरा आवाज वाढीव गं."