दादा अंदमानला गेला तेव्हा

माझा थोरला भाऊ गुंजवण्यातला पट्टीचा पोहणारा. नदीच्या डोहात शिकला, पुढं धरण झालं तसा त्या भरल्या पाण्यातही उतरायला लागला. राजगड बघायला आलेली पोरं धरणात गटांगळ्या खायला लागली की लोक आधी दादाला हाक मारायचे. काहींना त्यानं जिवंत काढलं, काहींना नुसतंच काढलं.

दादाच्या धाकट्या मुलीचं लग्न झाल्यावर जावयानं हौसेनं दादा-वहिनीची अंदमानची तिकिटं काढली. सोबतीला मी आणि माझी बायको. विमानात आमच्यापैकी कुणीच बसलं नव्हतं. समुद्र पाहिलेला तो अलिबागचा, ओहोटीचा, घोट्याएवढा.

वेल्ह्याच्या बाजारात भेटेल तो सल्ला देई. बोटीत मळमळतं, आधीच गोळी घ्या. मोबाईलला रेंज नसते, जवळ रोकड ठेवा. शिंपले-बिंपले उचलू नका, विमानतळावर काढून घेतात. वहिनीनं धपाटे आणि चटणी बांधून घेतली. पाण्याबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढलं नाही. दादाला पाण्याबद्दल कोण सांगणार?

अंदमानात एका दुपारी आम्ही वस्तीपासून लांबच्या किनाऱ्यावर गेलो. वाळू पिठासारखी पांढरी, ऊन डोळ्यांत खुपत होतं. वाळूत लाल बावटा रोवलेला होता आणि एक लाईफगार्ड शिट्टी वाजवत हिंदीतून ओरडत होता.

"काय म्हनतोय त्यो?" दादानं विचारलं.

"हितं उतरू नका म्हणतोय."

दादा हसला. "दोनी बाजूला लाटा फुटत्यात, पर मधल्या पट्ट्यात बघ पानी कसं निवांत हाय. कमरंएवढ्या पान्यात नुसता हुबा ऱ्हातो."

"अवो, नका ना जाऊ," वहिनी म्हणाली. "त्यो मानूस घसा फोडतोय."

"आलोच."

तो कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला. मग पाणी त्याच्या गळ्याला लागलेलं दिसलं. मला वाटलं, आपणहूनच पुढं गेला. तेवढ्यात तो वळला आणि हात मारायला लागला. हात नेहमीसारखेच पडत होते, पण तो जवळ येण्याऐवजी लांब चालला होता.

लाईफगार्ड बुडत्याला धरायला द्यायचा फुगा घेऊन पाण्याकडं पळाला. "बाजूला पोहा, बाजूला!" तो हिंदीत ओरडत होता.

"दादा, आडवा पव! आडवा!" मीही ओरडलो. त्याला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. आम्ही जिथं उभे होतो तिकडंच तोंड करून तो पोहत राहिला. लाईफगार्ड पोचला तेव्हा दादा पाण्याखाली गेला होता.

बाहेर काढल्यावर किती तरी वेळ त्याची छाती दाबत होते. वहिनी त्याचे तळपाय चोळत होती. चोळायचं थांबवा असं तिला कुणी सांगितलं नाही.

दवाखान्याबाहेर तो लाईफगार्ड माझ्याशेजारी येऊन बसला. कपडे ओलेच होते. बोटानं मातीत रेघा ओढून तो सांगायला लागला: लाट जिथं फुटत नाही तिथूनच पाणी समुद्रात परत जातं. त्याच्याशी झगडायचं नाही. अंग सैल सोडून तरंगायचं, किनाऱ्याला समांतर सरकायचं, ओढ संपली की मग आत यायचं. सांगता सांगता तो रडायला लागला.

दादाला आम्ही पेटीतून आणलं. तो खाली सामानात, आम्ही वर खिडकीशी.

वहिनी कित्येक महिने कामापुरतंच बोलायची. मग शेजारच्या मुलाचं लग्न झालं आणि नवराबायको अंदमानला निघाल्याचं कळलं. वहिनी उठली, पदर घेतला आणि चालायला लागली. मी मागोमाग गेलो. दारातला मांडव अजून उतरला नव्हता. आम्हाला बघून मुलाची आई बाहेर आली. आत या म्हणाली नाही.

वहिनीनं उभ्यानंच नव्या जोडप्याला सांगितलं. "लाल बावटा दिसला तर पान्याला पाय बी लावू नका. पानी निवांत दिसंल तितं तर जाऊच नका. आन् वढलं गेलाच तर किनाऱ्याकडं पवू नका, आडवं जावा."

मुलगा मान हलवत होता. नवी नवरी घाबरून सासूकडं बघत होती.

"ताई, शुभाच्या येळंला कशाला ह्ये?" मुलाची आई म्हणाली.

"मग कवा सांगू?" वहिनीनं विचारलं.

मुलाची आई सुनेचा हात धरून आत गेली. आम्ही रस्त्याला लागलो, तेव्हा मागं सुनेवरून मीठ-मोहऱ्या उतरवून विस्तवात टाकल्याचा तडतड आवाज आला. वहिनीनं तो ऐकला. पावलं मात्र तिनं आवरली नाहीत.