मशरूमवाल्या काकूंचा बंकर

जुन्या लष्करी धावपट्टीच्या कडेला युद्धाच्या वेळचे बंकर अजून उभे आहेत. विमानं कधीच गेली, काँक्रीट तेवढं हटून बसलंय. गंमत म्हणजे बंदुकीच्या फटींची तोंडं आत, धावपट्टीकडेच आहेत. बघणारे म्हणतात, गवंड्यानं उलटे बांधले. अशांना मशरूमवाल्या काकू तिथल्या तिथे गप्प करत. शत्रू उतरणार तो धावपट्टीवरच, मग बंदूक काय शेताकडे रोखायची? काकूंचे वडील ऐन युद्धात तिथे पहाऱ्यावर होते, त्यामुळे या विषयात त्या कुणाला हार जात नसत.

त्यांतल्याच कोपऱ्यातल्या बंकरात काकू मशरूम पिकवत. नवरा गेल्यावर दोन मुलं त्यांनी या पिकावरच वाढवली. जाड भिंती, गारवा, फटींत कोंबलेली पोती. मशरूमला आणखी काय हवं? एक पीक निघालं की त्या भिंतींना चुना देत, नाहीतर हिरवी बुरशी पुढच्या पिकाची वाट लावते. फक्त फटीजवळची वीतभर जागा सोडत. तिथे वडिलांनी पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'मुलगी झाली. दोघी सुखरूप.' ती मुलगी म्हणजे काकू. वडील फार बोलणाऱ्यांतले नव्हते. लेकीचं कौतुक म्हणून त्यांच्याकडून जे काही निघालं, ते एवढंच.

यंदा बातमी आली, की बंकरांची पाहणी होणार. ज्यांत सैनिकांच्या हातचं काही सापडेल ते जतन करणार, तिथे कुणाला पाऊल ठेवू देणार नाहीत. बाकीचे वापरणाऱ्यांकडे राहतील. थोरला म्हणाला, "आई, तेवढ्यावरही चुना मार. माणसं गेली की ओल्या फडक्यानं पुसून काढ. अक्षर कुठे पळून जातंय?"

काकूंना ते पटलं नाही, पण दुसरं काही सुचलंही नाही. पाहणीच्या आदल्या दिवशी त्यांनी अख्खा बंकर पांढराधोप केला.

पाहणीला आलेली बाई पोरगेलीशी होती, बोलायला चांगली होती. शेजारच्या बंकरात कुणीतरी काढलेलं चित्र सापडल्यामुळे खुशीत होती. बॅटरी घेऊन तिनं चारही भिंती पाहिल्या आणि विचारलं, "इथे काही लिहिलेलं होतं का हो, काकू?"

"नाही," काकू म्हणाल्या. एवढासा शब्द, पण तो तोंडातून काढताना त्यांचा जीव मेटाकुटीला आला.

बंकर काकूंकडे राहिला. थोरल्यानं हुश्श केलं. बाईची गाडी वळणाआड जाताच काकूंनी बादली आणली, फडकं भिजवलं आणि हलक्या हातानं पुसायला लागल्या. चुना ताजाच होता, सहज सुटला. खाली काँक्रीट दिसलं, स्वच्छ आणि खरखरीत. त्यांनी जरा डावीकडे पुसलं, जरा खाली पुसलं.

मग त्या थांबल्या. चुना नीट धरावा म्हणून भिंत आधी तारेच्या ब्रशानं घासायची, ही त्यांची इतक्या वर्षांची सवय. काल त्या जागेकडे बघवत नव्हतं म्हणून त्यांनी मान फिरवली होती, आणि हातानं आपलं नेहमीचं काम उरकलं होतं. काकूंना रडू फुटलं, पण आवाज त्यांनी बाहेर येऊ दिला नाही.

थोरल्यानं दारातून विचारलं, "दिसलं का गं?"

"दिसलं," काकू म्हणाल्या, आणि तो आत येईपर्यंत त्या जागेला पाठ लावून उभ्या राहिल्या.