अडलेली ओळ

दुपारीच मेस्त्री रॉकेलने हात धुवायला बसला, की मी समजायचो, आज शाहीर कुठंतरी गाणार. नखांतलं ग्रीस काडीने कोरून काढायचा, मग साबण लावायचा, मग पुन्हा रॉकेल. "त्यांच्यापुढं टाळी वाजवायची, तर हात स्वच्छ पायजेत," म्हणायचा.

जळोचीत त्याचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज होतं आणि शेजारी माझं टायरचं दुकान. एखाद्या गाणाऱ्यामागे वेडी झालेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. मेस्त्रीचं वेड मात्र शांत होतं. शाहिरांबरोबर फोटो काढावा, स्टेजवर जाऊन हार घालावा, असलं काही त्याला सुचत नसे. पुढे जागा धरून मांडी घालायचा आणि ओठ हलवत राहायचा.

शाहीर सत्तरी ओलांडलेले. गाणी स्वतः लिहायचे, चालही स्वतःच लावायचे. तीच गाणी किती वेळा ऐकणार, असं मी एकदा विचारलं. तो म्हणाला, "तात्या, गाणं तेच असतंय, पण दरसाली ते येगळं म्हणत्यात. गळा बसला तर बसल्या गळ्यानं म्हणत्यात."

त्याचं सगळ्यात जिव्हाळ्याचं गाणं धरणाच्या पाण्यात गेलेल्या गावाचं. मेस्त्रीच्या आईचं माहेर त्या पाण्याखाली होतं. गाणं सुरू झालं की तो शेजारच्याला ओळख देत नसे.

इंदापूरच्या कार्यक्रमाला मीच त्याला गाडीवरून घेऊन गेलो. ते गाणं रंगात आलं आणि शेवटच्या कडव्यात शाहीर थांबले. पेटीवाला तेवढीच चाल पुन्हा पुन्हा वाजवत राहिला. शाहिरांनी डोळे मिटून घेतले. मेस्त्रीला राहवलं नाही. तो उभा राहिला आणि पुढची ओळ त्यानं मोठ्यांदा सांगितली. लोक हसले, कुणी शिट्टी मारली. शाहिरांनी त्याच्याकडे बघून हात जोडले, गाणं पुरं केलं आणि बाकीची गाणी न म्हणताच खाली उतरले.

कुणीतरी हे मोबाईलवर टिपलं होतं. बघता बघता ते तालुकाभर फिरलं. शाहीर आता विसरतात, असं गावोगावचे जत्रेवाले म्हणू लागले आणि त्यांची बोलावणी थांबली.

मी मेस्त्रीला समजावलं. वय झालं होतं, आज ना उद्या हे व्हायचंच होतं. तो पान्यावर जोर देत म्हणाला, "मी गप बसाय पायजे हुतं. जरा थांबलो असतो, तर त्यांची त्यांना सापडली असती."

शेवटी माफी मागायची म्हणून आम्ही डाळजला गेलो. शाहिरांचं घर रस्त्याकडेलाच होतं. दारात चपला काढल्या आणि आतून आवाज आला. पेटी नाही, ढोलकी नाही. शाहीर एकटेच तेच गाणं म्हणत होते. शेवटचं कडवंही त्यांनी म्हटलं, कुठंही न अडता. मला बरं वाटलं. मेस्त्रीकडे पाहिलं, तर तो पुन्हा चपला घालत होता.

आलोय तर आत जाऊ, मी म्हटलं.

"कुठल्या तोंडानं जाऊ?" तो म्हणाला. "त्यांना सगळं येतंय, तात्या."

परत तो तिकडे गेला नाही. पुढे त्याचे गुडघे धरले, गॅरेज बंद करून तो लेकीकडे राहायला गेला. त्याच्या गाळ्यात आता मोबाईलचं दुकान आहे.

यंदा शाहीर गेले. मातीला जाऊन आल्यावर मी मेस्त्रीला फोन केला. त्यानं विचारलं, वाटेत कोण गायलं. कुणी नाही, मी सांगितलं, टेम्पोवर स्पीकर बांधून त्यांचंच गाणं लावलं होतं.

"अख्खं लागलं का?"

"अख्खं लागलं."

"बरं झालं," तो म्हणाला.

तिकडे त्याच्या लेकीनं जेवायला हाक मारली. थोड्या वेळानं पुन्हा मारली. तो फोन ठेवत नव्हता.