निरोपाला तिसरा माणूस

पहाटे फिरायला निघालो की निलंग्याच्या रस्त्यावर तो भेटतो, देवणी गाय घेऊन शेताकडं जाताना. बोलतो भरभरून, पण जरा मागं राहून. सोबत म्हणून चालत नाही. कधीकाळी तो जोडीदाराबरोबर बाजाराला गेला आणि जोडीदार नंतर विहिरीत सापडला, डोक्यावर घाव असलेला. मारताना कुणी पाहिलं नव्हतं. दोघांना सोबत जाताना मात्र साऱ्या गावानं पाहिलं होतं. तेवढ्यावर जन्मठेप झाली. अपील हायकोर्टात पडून आहे आणि हा जामिनावर बाहेर.

कुणाबरोबर चालावंच लागलं, तर निरोप घेताना तो तिसऱ्याला हाक मारतो, "ओ मामा, बघून ठेवा, गुरुजी हितून एकले गेले बरं का!" लोक हसतात. तो हसत नाही.

परवा धुकं असं पडलं की रस्ता, बाभळी, गायीची शिंगं, सगळं दुधात विरघळलेलं. मी ठेचकाळलो, तसा तो शेजारी आला आणि त्यानं माझा हात धरला. फाट्यापर्यंत आम्ही तसेच, तरंगल्यासारखे चाललो. गायीच्या गळ्यातली घंटा तेवढी वाजत होती. मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू? बिलगून मात्र तोच चालला होता.

फाट्यावर त्यानं चौफेर पाहिलं.

"गुरुजी, कुणीच न्हाई हो हितं. आता कुणाला दाखवू?"

घरी पोचलो आणि चपला न काढताच आधी शेजाऱ्यांचं दार वाजवलं.

"मी आलोय," म्हटलं, "नीट बघून ठेवा."